स्विचचं लॉगिन केंद्रीय सर्व्हरवर नेताना: आधी काय, नंतर काय

कारखान्याच्या नेटवर्कमधले चाळीस स्विच, सगळ्यांवर ‘अ‍ॅडमिन’ हे एकच खातं, आणि त्याचा पासवर्ड नोकरी सोडून गेलेल्यांनाही पाठ. बडोद्याच्या मकरपुरा किंवा वाघोडिया जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) असे कारखाने शोधावे लागत नाहीत. मग एक दिवस ऑडिटर विचारतो, ‘हा पोर्ट कोणी बंद केला ते दाखवा.’ दाखवायला काहीच नसतं. घाईघाईत केंद्रीय लॉगिन लावायचं ठरतं. सर्व्हर उभा राहतो, स्विचवर चार ओळी पडतात, सत्र बंद होतं आणि त्यानंतर कोणालाच आत जाता येत नाही.

असा फोन आला की मी पहिल्यांदा विचारतो, कमांड कोणत्या क्रमाने दिल्या? चूक बहुतेकदा तिथेच सापडते. म्हणून हा लेख क्रमाबद्दल आहे. उदाहरणासाठी मुख्य कचेरी अलकापुरीत, कारखाना मकरपुऱ्यात आणि गोडाऊन वाघोडिया रोडला आहे असं धरू. उदाहरणं मुख्यतः सिस्कोची आहेत. कमांडची नावं बोलतात तशी लिहिली आहेत, तेव्हा टाइप करताना आपल्या मॉडेलचं मॅन्युअल शेजारी उघडं ठेवा.

एक गल्लत आधीच मिटवू. इथे विषय आहे स्विचवर लॉगिन करून त्याची मांडणी बदलणाऱ्या माणसांचा. भिंतीतल्या पोर्टला कोणाचा लॅपटॉप जोडू द्यायचा हे ८०२.१एक्सचं काम. सर्व्हर एकच असू शकतो, पण दोन्ही कामं एकाच आठवड्यात काढू नका. काही अडलं तर कशामुळे अडलं ते कळणार नाही.

## १. टॅकॅक्स प्लस की रेडियस

स्विच आणि लॉगिन सर्व्हर एकमेकांशी बोलतात ते दोनपैकी एका प्रोटोकॉलने: टॅकॅक्स प्लस किंवा रेडियस. टॅकॅक्स प्लस टीसीपीच्या ४९ नंबरच्या पोर्टवर चालतो. ओळख पटवणं, अधिकार देणं आणि नोंद ठेवणं ही तीन कामं तो वेगवेगळी हाताळतो. त्यामुळे ‘हा माणूस शो कमांड देऊ शकेल, पण व्हीलॅन (नेटवर्कचा वेगळा पाडलेला भाग) काढू शकणार नाही’ असं एकेका कमांडपुरतं ठरवता येतं. रेडियस यूडीपीवर चालतो, ओळखीसाठी १८१२ आणि नोंदीसाठी १८१३. जुन्या उपकरणांत १६४५ आणि १६४६ सापडतात. रेडियसमध्ये ओळख आणि अधिकार एकाच उत्तरात येतात आणि दर कमांडला परवानगी विचारण्याची सोय नसते.

स्विच दोन्ही बोलत असतील तर लॉगिनसाठी टॅकॅक्स प्लस घ्या. घरात फक्त विंडोजचा एनपीएस (नेटवर्क पॉलिसी सर्व्हर) असेल तर तो रेडियसच देतो, आणि दहा-पंधरा स्विचच्या जागेला तेवढं पुरतं. स्वस्तातले ‘स्मार्ट’ स्विच यातलं काय बोलतात ते खरेदीच्या बिलावरून नाही, प्रत्यक्ष मेनू उघडून बघा.

सावधान: रेडियसमध्ये फक्त पासवर्डचा रकाना झाकला जातो, बाकीचं पाकीट (नेटवर्कवरचं पॅकेट) उघडं असतं. जुलै २०२४ मध्ये ‘ब्लास्ट-रेडियस’ नावाची त्रुटी जाहीर झाली. त्यावर उपाय म्हणून सर्व्हर आणि स्विच दोन्हींचं सॉफ्टवेअर अद्ययावत करून मेसेज-ऑथेंटिकेटर (पाकीट वाटेत बदललेलं नाही हे पटवणारी खूण) सक्तीचा करा. टॅकॅक्स प्लस पूर्ण मजकूर झाकतो, पण ते झाकणही आजच्या मानाने कच्चं आहे. दोन्हींपैकी काहीही घेतलं तरी ही वाहतूक वेगळ्या मॅनेजमेंट व्हीलॅनमध्येच ठेवा.

## २. हात लावण्याआधीची यादी

हा टप्पा कंटाळवाणा आहे आणि ‘चाली जशे’ (चालून जाईल) म्हणत सगळ्यात आधी हाच गाळला जातो. एका तक्त्यात प्रत्येक स्विचसमोर पुढची माहिती भरा:

- नाव, जागा, मॉडेल, सॉफ्टवेअरची आवृत्ती
- मॅनेजमेंटचा आयपी, आणि सर्व्हरकडे जाताना स्विच प्रत्यक्षात कोणता आयपी वापरतो
- आज चालणारं स्थानिक खातं, कोणीतरी या आठवड्यात लॉगिन करून पडताळलेलं
- कन्सोल पोर्टचा (स्विचला थेट केबल लावून आत जायच्या तोंडाचा) प्रकार, आणि त्याला बसणारी केबल कोणाच्या ड्रॉवरमध्ये आहे
- आत जाण्याच्या इतर वाटा: टेलनेट, वेब पान, एसएनएमपीची (दूरून स्विच बघण्याच्या आणि बदलण्याच्या प्रोटोकॉलची) लिहिण्याची परवानगी

दुसऱ्या मुद्द्यावर सगळ्यात जास्त वेळ जातो. स्विचला चार-पाच व्हीलॅनमध्ये आयपी असतील तर तो ज्या इंटरफेसमधून बाहेर पडतो त्याचाच आयपी पाकिटावर टाकतो. सर्व्हरच्या यादीत दुसराच आयपी असतो. अनोळखी पत्त्यावरून आलेल्या विनंतीला रेडियस सर्व्हर उत्तरच देत नाही. स्विच म्हणतो ‘सर्व्हर मेला’, पिंग मात्र व्यवस्थित चालतं, आणि अर्धा दिवस फायरवॉलवाल्याशी वाद घालण्यात जातो. म्हणून सोर्स इंटरफेस प्रत्येक स्विचवर स्पष्ट लिहून बांधून टाका. मॅनेजमेंट पोर्ट वेगळ्या व्हीआरएफमध्ये (स्विचमधल्या स्वतंत्र रूटिंग टेबलमध्ये) असेल तर सर्व्हरच्या गटातही तो व्हीआरएफ सांगावा लागतो, हेही तक्त्यात टिपा.

माणसांची यादी वेगळी करा. तीन गट पुरतात: सगळं करू शकणारे, फक्त बघणारे, आणि एएमसीवाले. पाच-सहा गट आखण्याचा मोह होतो, पण दोन महिन्यांत कोण कुठे होतं हे कोणालाच आठवत नाही.

तपासा: सगळ्या स्विचच्या चालू मांडणीची प्रत स्विचच्या बाहेर, दुसऱ्या मशीनवर घेतली का?

## ३. सर्व्हर: दोन, आणि दोन जागी

एक सर्व्हर अलकापुरीत, दुसरा मकरपुऱ्यात. दोन्ही एकाच रॅकमध्ये एकाच यूपीएसवर ठेवले तर दुसऱ्याचा खर्च वाया गेला. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीला पूर आला तेव्हा शहराचे कितीतरी भाग पाण्यात होते. अशा दिवशी कचेरी आणि कारखान्यातली लिंक जाणार हे धरूनच चाला. लिंक गेली तरी कारखान्यातल्या माणसाला कारखान्यातल्या स्विचवर स्वतःच्या नावाने जाता आलं पाहिजे.

वापरकर्ते अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीतून (विंडोजच्या खात्यांच्या केंद्रीय यादीतून) येणार असतील तर मकरपुऱ्याच्या सर्व्हरला जवळच डोमेन कंट्रोलर, म्हणजे ती यादी ठेवणारा सर्व्हर, आहे का ते बघा. नसेल तर लिंक तुटल्यावर सर्व्हर जिवंत राहील, पण त्याला कोणीही ओळखीचं वाटणार नाही. ही अवस्था सर्व्हर पूर्ण बंद पडण्यापेक्षा वाईट. का, ते पुढच्या टप्प्यात येतं.

सर्व्हर आणि स्विचमधली गुप्त की निदान जागेनुसार वेगळी ठेवा. ती लांब असू द्या, आणि कीमध्ये प्रश्नचिन्ह किंवा मोकळी जागा टाकू नका. सिस्कोच्या कमांड लाइनवर प्रश्नचिन्ह दाबलं की मदत उघडते आणि की अर्धवट राहते.

तपासा: स्विचवरून, ठरलेल्या सोर्स इंटरफेसनेच, सर्व्हरच्या ४९ नंबरच्या पोर्टला टेलनेट करून जोडणी होते का? पिंग झालं म्हणून पोर्ट उघडा आहे असं धरू नका. रेडियसला ही युक्ती चालत नाही, तिथे सर्व्हरचा लॉगच बघावा लागतो.

## ४. परतीची वाट आधी बांधा

इथे थोडं थांबून वाचा. लॉगिनच्या यादीत ‘आधी टॅकॅक्स, मग लोकल (स्विचवरचं स्थानिक खातं)’ असं लिहिलं की बहुतेकांना वाटतं, टॅकॅक्सने नाही म्हटलं तर लोकल चालेल. सिस्कोवर तसं होत नाही. स्विच पुढच्या पद्धतीकडे वळतो ते सर्व्हरकडून उत्तरच आलं नाही किंवा बिघाड कळला तेव्हा. सर्व्हरने स्पष्ट ‘नाही’ म्हटलं की विषय तिथेच संपतो. लोकल खातं कितीही बरोबर असलं तरी विचारलं जात नाही.

आता वरची अवस्था आठवा. सर्व्हर जिवंत, डिरेक्टरी गायब. पुष्कळ सर्व्हर अशा वेळी सगळ्यांना ‘नाही’ म्हणतात. स्विचच्या दृष्टीने सर्व्हर ठणठणीत आहे, त्यामुळे लोकलचं दार बंदच राहतं. काही सर्व्हरमध्ये ‘डिरेक्टरी मिळाली नाही तर गप्प राहा’ असा पर्याय असतो. तो असेल तर चालू करा, कारण गप्प बसला की स्विच लोकलकडे वळतो.

जुनिपरचा रिवाज उलटा आहे. तिथल्या क्रमात टॅकॅक्सनंतर ‘पासवर्ड’ लिहिला असेल तर सर्व्हरने नाकारल्यावरही स्थानिक पासवर्ड विचारात घेतला जातो. म्हणजे सर्व्हरवर बंद केलेला माणूस स्थानिक खात्याने आत येऊ शकतो. दोन्ही कंपन्यांचे स्विच एकाच जागी असतील तर एकाची सवय दुसऱ्यावर लादू नका.

हे डोक्यात ठेवून पुढच्या गोष्टी याच क्रमाने करा:

१. आणीबाणीचं एक स्थानिक खातं तयार करा, पूर्ण अधिकाराचं. त्याचं नाव केंद्रीय यादीत कुठेही नसावं. नाव दोन्हीकडे सारखं असलं तर चाचणीत तुम्ही कोणत्या दाराने आत आलात ते कळत नाही.

२. त्याचा पासवर्ड ‘सिक्रेट’ म्हणून साठवा, जमेल तिथे प्रकार ८ किंवा ९ मध्ये. प्रकार ७ चा पासवर्ड कोणीही क्षणात उलगडतो.

३. या खात्याने, दुसऱ्या खिडकीतून, प्रत्यक्ष लॉगिन करा. ‘टाकलाय ना’ हे उत्तर धरू नका.

४. कन्सोलसाठी वेगळी, नावाची लॉगिन यादी ठरवून ठेवा, त्यात फक्त लोकल. ती लावायची पुढच्या टप्प्यात. ऑडिटर यावर कुरकुर करतात, कारण कन्सोलवरून आलेल्याचं नाव नोंदीत येत नाही. माझं मत ठाम आहे: रॅकला कुलूप लावा, किल्लीची वही ठेवा, पण कन्सोल सर्व्हरवर अवलंबून ठेवू नका. सर्व्हर सगळ्यांना नाही म्हणत असेल तेव्हा आत जायची तीच एक वाट उरते.

५. पासवर्ड बंद पाकिटात, प्रत्येक जागी एक. पाकीट फक्त अलकापुरीत असेल आणि पावसात अलकापुरीचं गरनाळं (रेल्वेखालचा रस्ता) भरलं असेल, तर मकरपुऱ्यातल्या माणसाला त्याचा उपयोग शून्य.

## ५. पहिला स्विच

ज्याच्यावर उत्पादन अवलंबून नाही असा स्विच निवडा, म्हणजे गोडाऊनचा किंवा कँटीनचा. शिफ्ट बदलायच्या वेळी नको. शुक्रवारी संध्याकाळी तर नकोच. उत्तरायणाला, १४ जानेवारीला, कारखाना बंद असतो म्हणून हे काम त्या दिवशी काढणारे असतात. पण केबल घेऊन धावणारा माणूस तेव्हा गच्चीवर पतंग उडवत असतो.

दोन सत्रं उघडा. एकात काम करायचं, दुसरं सत्र काम संपेपर्यंत बंद करायचं नाही. मग पुढे:

१. वेळेवर परतणारी सोय लावा. ‘रिलोड इन १५’ दिलं की पंधरा मिनिटांनी स्विच जुन्या, साठवलेल्या मांडणीवर परत उठतो. मात्र तो परत उठेपर्यंत त्यावरचे कॅमेरे आणि फोन बंद पडतात. सिस्कोवर आर्काइव्हची जागा ठरवलेली असेल तर ‘कॉन्फिगर टर्मिनल रिव्हर्ट टायमर’ जास्त बरा, कारण त्यात स्विच बंद न होता मांडणी मागे जाते. जुनिपरवर ‘कमिट कन्फर्म्ड’.

२. ‘एएए न्यू-मॉडेल’ द्या, म्हणजे ओळख, अधिकार आणि नोंदीची नवी व्यवस्था चालू होते. ही ओळ पडताक्षणी दूरच्या लॉगिनसाठी स्थानिक वापरकर्ते विचारले जातात. एकही वापरकर्ता नसेल आणि आधी नुसता लाइन पासवर्ड चालत असेल, तर नवीन सत्र उघडणार नाही. चौथा टप्पा आधी का, याचं उत्तर इथे आहे. उलट, लॉगिनची यादी ठरेपर्यंत कन्सोल बिनपासवर्ड उघडा राहू शकतो. म्हणून लगेच पुढची ओळ कन्सोलच्या लोकल यादीची द्या आणि ती कन्सोल लाइनवर लावा.

३. दोन्ही सर्व्हर, त्यांची की, त्यांचा गट आणि सोर्स इंटरफेस लिहा.

४. अजून दूरच्या लॉगिनला हात लावू नका. आधी ‘टेस्ट एएए’ कमांडने गटाचं नाव, एक केंद्रीय वापरकर्ता आणि त्याचा पासवर्ड देऊन सर्व्हरला विचारा. उत्तर बरोबर आलं, आणि सर्व्हरच्या लॉगमध्ये स्विचचा अपेक्षित आयपीच दिसला, तरच पुढे.

५. दूरच्या लाइनसाठी नावाची यादी करा, गट आधी आणि लोकल नंतर. ‘डिफॉल्ट’ यादीत एकदम बदल करू नका, ती जिथे जिथे वेगळी यादी नाही तिथे सगळीकडे लागू होते.

६. तिसरी खिडकी उघडून केंद्रीय नावाने लॉगिन करा.

सावधान: या सगळ्यात ‘राइट मेमरी’ द्यायची नाही. चुकीची मांडणी साठवली की रिलोडने काहीच परत येत नाही. पुढचा सहावा टप्पा, म्हणजे मोडून बघण्याच्या चाचण्या, पूर्ण झाल्यावरच साठवा आणि टायमर रद्द करा. टायमर रद्द करायचं विसरून जेवायला गेलेली माणसं पुष्कळ आहेत. काम लांबतंय असं दिसलं तर टायमर पुन्हा नव्याने लावा.

## ६. मुद्दाम मोडून बघा

सगळं चालू असताना लॉगिन होतं, एवढ्यावर काम संपवू नका. पुढच्या चाचण्या एकेक करून घ्या आणि निकाल तक्त्यात लिहा.

पहिला सर्व्हर बंद. लॉगिन दुसऱ्यावरून व्हायला हवं. किती उशीर लागतो ते घड्याळ लावून बघा. सिस्कोवर टॅकॅक्सची मूळ वाट बघण्याची वेळ ५ सेकंद. रेडियसला ५ सेकंद आणि वर ३ फेरप्रयत्न, म्हणजे प्रत्येक मेलेल्या सर्व्हरमागे २० सेकंद. दोन्ही मेले तर ४०. एवढ्या वेळात माणूस ‘हँग झालं’ म्हणून खिडकी बंद करतो. वेळ आणि फेरप्रयत्न कमी करा, आणि मेलेला सर्व्हर काही मिनिटं वगळण्याची सोय, म्हणजे डेडटाइम, लावा.

दोन्ही सर्व्हर बंद. आणीबाणीच्या खात्याने आत जाता आलं पाहिजे, केंद्रीय नावाने जाता येऊ नये.

सर्व्हर चालू, पासवर्ड चुकीचा. नकार यायला हवा. मग सर्व्हर चालू असतानाच आणीबाणीचं खातं दूरून वापरून बघा. सिस्कोवर तेही नाकारलं गेलं पाहिजे. आत घेतलं गेलं तर समजा, स्विच सर्व्हरपर्यंत पोचतच नाहीये आणि इतका वेळ तुम्ही लोकलवर चालत होतात. बहुतेकदा की जुळत नसते. टॅकॅक्समध्ये न जुळणारी की हा बिघाड धरला जातो आणि स्विच मुकाट्याने लोकलकडे वळतो, त्यामुळे वरवर सगळं आलबेल दिसतं.

सर्व्हर चालू, डिरेक्टरी तोडलेली. कन्सोलवरून आत जाता येतं का ते बघा, प्रत्यक्ष केबल लावून.

## ७. अधिकार, सगळ्यात शेवटी

ओळख पटली म्हणजे अधिकार मिळाला असं नाही. एक्सेक अधिकाराची ओळ (आत आल्यावर कोणती पातळी द्यायची ते ठरवणारी) लिहिली नाही किंवा सर्व्हरने पातळी पाठवली नाही, तर माणूस आत येतो पण पातळी १ वर अडकतो आणि एनेबल पासवर्ड मागितला जातो. सर्व्हरच्या गटात पूर्ण अधिकारासाठी पातळी १५ पाठवा. त्या ओळीच्या शेवटी ‘लोकल’ लिहायला विसरू नका. ते नसेल तर दोन्ही सर्व्हर बंद असताना आणीबाणीचं खातं ओळख पटवून पुढे जातं आणि अधिकाराच्या दारात नाकारलं जातं. पासवर्ड बरोबर, तरी बाहेर. दोन्ही सर्व्हर बंद करायची चाचणी ही ओळ टाकल्यावर पुन्हा घ्या.

दर कमांडची परवानगी लावायची असेल तर आणखी एक जपायचं. ही ओळ पडताच चालू सत्रातली पुढची कमांडसुद्धा सर्व्हरला विचारली जाते. तुम्ही त्या क्षणी आणीबाणीच्या खात्याने आत असाल तर सर्व्हरला ते नाव माहीत नाही, आणि तो प्रत्येक कमांडला नाही म्हणेल. ओळ मागे घेणाऱ्या कमांडलासुद्धा. म्हणून ही ओळ टाकण्याआधी केंद्रीय, पूर्ण अधिकाराच्या खात्याने लॉगिन करा. कन्सोलवर अधिकाराची तपासणी सिस्कोत मुळात बंद असते. ती तशीच राहू द्या.

लहान जागेला दर कमांडची परवानगी लावूच नये असं मी सांगतो. सर्व्हर हळू झाला की प्रत्येक एंटरमागे थांबावं लागतं. त्यापेक्षा दर कमांडची नोंद ठेवणं स्वस्त पडतं.

## ८. नोंदी आणि घड्याळ

नोंदीच्या, म्हणजे अकाउंटिंगच्या, ओळी दोन: सत्र कधी सुरू झालं आणि संपलं ती, आणि पातळी १५ च्या कमांडची. सर्ट-इनच्या (देशाच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या) २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस ठेवायचे आहेत आणि घड्याळं एनआयसी किंवा एनपीएलच्या वेळेशी जुळलेली हवीत. स्विचचं घड्याळ १९९३ दाखवत असेल तर नोंद असून नसल्यासारखी.

सावधान: नोंद येते ती कमांड लाइनवर टाइप केलेल्याची. दुसऱ्या टप्प्यातल्या इतर वाटा, म्हणजे वेब पान, टेलनेट आणि एसएनएमपीची लिहिण्याची परवानगी, उघड्या राहिल्या तर सगळी मेहनत बाजूने वळसा घालून जाते. वापरात नसेल ते बंद करा, आणि एसएसएच फक्त मॅनेजमेंट व्हीलॅनमधूनच येऊ द्या.

## ९. उरलेले स्विच

गोडाऊन, मग कचेरी, मग कारखान्याचे काठावरचे स्विच, आणि कोअर (बाकीचे स्विच ज्याला जोडलेले असतात तो मुख्य स्विच) शेवटी. कोअरवर काम करताना केबल लावलेला लॅपटॉप घेऊन कोणीतरी रॅकपाशी उभं हवं. एका जागेचं काम झाल्यावर दोन-तीन कामाचे दिवस जाऊ द्या. रात्रीचे बॅकअप आणि मॉनिटरिंग याच काळात बोंबलतात. त्यांची लॉगिन खाती बहुतेक वेळा जुन्या अ‍ॅडमिनवरच चालत असतात आणि कोणाच्याच यादीत नसतात. प्रत्येकाला वेगळं, फक्त बघण्याच्या अधिकाराचं केंद्रीय खातं द्या. डिरेक्टरीच्या नियमाने त्याचा पासवर्ड ठराविक दिवसांनी संपणार असेल तर ती तारीख कोणाच्या तरी कॅलेंडरमध्ये टाका. नाहीतर स्क्रिप्ट जुना पासवर्ड परत परत पाठवत राहते आणि खातं लॉक होतं.

जुनं ‘अ‍ॅडमिन’ खातं स्विचवरून काढायचं ते हे सगळं स्थिरावल्यावर. आणीबाणीचं पाकीट कोणी उघडलं तर त्याच दिवशी त्या जागेच्या सगळ्या स्विचवर पासवर्ड बदलून नवं पाकीट बंद करा.

नोकरी सोडणाऱ्या माणसाचं किंवा बदललेल्या एएमसीवाल्याचं खातं सर्व्हरवर बंद केलं की नवीन लॉगिन थांबतं, पण आधीपासून उघडं असलेलं सत्र चालूच राहतं. म्हणून खातं बंद केल्यावर ‘शो युझर्स’ने कोण आत आहे ते बघा, त्याची लाइन क्लिअर करा, आणि एक्सेक टाइमआउट शून्यावर ठेवलेला स्विच सापडला तर तो आधी दहा मिनिटांवर आणा.